अनामिकेचं नाव

तीनशे माणसं घाम पुसत एका सुकलेल्या फुलाकडे बघत होती आणि फूल काही केल्या हलत नव्हतं.

सभागृह नगरपालिकेचं. छताला चौदा पंखे, आणि चौदाही बंद. तशी फुंकरबाबांची आज्ञाच होती. पंख्याच्या वाऱ्याने रोग उडतो आणि शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला चिकटतो, असं त्यांचं शास्त्र होतं. त्यामुळे जो तो आपापला रोग मांडीवर सांभाळत निथळत बसला होता.

मंचावर एक धिप्पाड कंत्राटदार गुडघे टेकून बसला होता. त्याच्या नाकासमोर चांदीची ताटली आणि ताटलीत एक सोनेरी फूल, पूर्ण उमललेलं, कडक, जणू कुणी कागद कातरून केलेलं. कंत्राटदाराने त्यावर तीन फुंकरा मारल्या. बाबांनी झारीतलं पाणी शिंपडलं, डोळे मिटले आणि मंत्र सुरू केला. मंत्र चांगला पाच मिनिटांचा होता. त्यातले निम्मे शब्द मला कळले नाहीत, आणि उरलेले निम्मे बाबांनाही कळत नसावेत. मंत्र संपता संपता फुलाच्या पाकळ्या वर उचलल्या गेल्या, एकमेकींना टेकल्या, आणि बघता बघता फुलाची कळी झाली.

"प्यायलं," बाबा म्हणाले.

तीनशे छात्यांतून एकदम श्वास सुटला. सभागृहात वारा खेळला तो तेवढाच.

मग मिटलेलं फूल 'ज्ञानदीपा'खाली ठेवण्यात आलं. ज्ञानदीप म्हणजे पितळी टोपीतला दोनशे वॅटचा दिवा. त्याच्या धगीत फूल हळूहळू पुन्हा उमलेपर्यंत पट्टशिष्याचं भाषण चालायचं. हा गृहस्थ पूर्वी दारोदार पाणी गाळायची यंत्रं विकायचा, त्यामुळे त्याची जीभ चांगली गाळून निघालेली होती. सात डोंगरांपलीकडे बारा वर्षांतून एकदा उगवणारी एक वनस्पती आहे, तिचं चूर्ण एकवीस दिवस घ्या, दमा गेलाच म्हणून समजा, असं तो सांगायचा. कुणी तिचं नाव विचारलं की तो कानाला हात लावायचा. तिचं नाव घेतलं की तिचा गुण जातो. म्हणून ती 'अनामिका'. फार थोर कुळातली आहे, एवढंच सांगायची परवानगी आहे.

फूल उमललं की रोग जळाला. टाळ्या.

आता मी कोण, ते सांगतो. मी चाळीस वर्षं लोकांचे केस कापले आणि कापता कापता थापा मारल्या. एका गिऱ्हाइकाचे केस इतके दाट होते की कंगवा घातला तर आतून चिमणी बाहेर आली, आणि घरटं मोडल्याचा राग धरून तिने मला पुढचे आठ दिवस त्याची दाढी करू दिली नाही, हे मी किमान हजार जणांना सांगितलं आहे. लोक मान हलवायचे, मग वस्तरा मानेवर आहे हे आठवून थांबायचे. पण थापेबाजाचाही एक धर्म असतो. शेवटी हसायचं असतं, म्हणजे समोरच्याला कळतं की ही थाप होती. फुंकरबाबा पाच रविवारांत एकदाही हसले नव्हते. माझा संशय तिथून सुरू झाला.

आणि मी तिथे बसलो होतो तो काही बाबांच्या प्रेमाने नाही. दुसऱ्या रांगेत माझी धाकटी बहीण बसली होती.

धाकटी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासायची. पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या, अक्षर न् अक्षर, ओळीखाली पट्टी धरून. असली काटेकोर बाई तुम्हाला शोधून सापडणार नाही. लग्नाच्या आमंत्रणातला चुकलेला अनुस्वार तिने लाल पेनाने दुरुस्त करून नवऱ्या मुलाच्या बापाला परत पाठवला होता. पण दमा हा असा पाहुणा की जो वीस वर्षं उठायचं नाव घेत नाही. वीस वर्षं सकाळ-संध्याकाळ पंप ओढून ती कंटाळली होती. कंटाळलेल्या माणसाला कुणी 'कायमचं' असं म्हटलं की त्याच्या हातातली पट्टी गळून पडते.

तिने चूर्ण सुरू केलं. बाबांची अट अशी की पंप त्यांच्या टोपलीत टाकायचा. तिने टाकला. दहाव्या दिवशी हाताला, मानेला पुरळ आलं. बाबा म्हणाले, रोग कातडीवाटे बाहेर पडतो आहे. पंधराव्या दिवशी तिला दोन मजले चढताना चार वेळा थांबावं लागलं. बाबा म्हणाले, जाताना रोग जोर करतो, मात्रा दुप्पट करा. काहीही झालं तरी बाबांचंच खरं, अशी त्यांची सोय होती. पुढच्या रविवारी, एकविसाव्या दिवशी, तिने मंचावर उभं राहून 'मी बरी झाले' असं सांगायचं ठरलं होतं. वर्तमानपत्राचा फोटोवालाही येणार होता.

तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, वनस्पती संशोधन केंद्रात काम करते. जाड भिंगाचा चष्मा, आवाज हळू आणि जीभ आईची. तिने आईला आधी समजावलं, मग विनवलं, मग डॉक्टरांना घरी आणलं. आईने डॉक्टरांना चहा पाजून परत पाठवलं.

"तुझ्या डॉक्टरांनी वीस वर्षांत काय केलं?" ती म्हणाली.

"तुला वीस वर्षं जिवंत ठेवलं," भाची म्हणाली. यावर आईने दार लावून घेतलं.

त्या संध्याकाळी भाची माझ्याकडे आली, ती कागदाच्या पुडीत चिमूटभर चूर्ण घेऊन. आईच्या डबीतून उचललं होतं. मला वाटलं, भिंगाखाली ठेवून सांगेल पटकन. ती म्हणाली, मामा, पान असतं, फूल असतं, तर नुसत्या डोळ्यांनी सांगितलं असतं. हे मैद्यासारखं दळलेलं आहे. यात बघायला काही उरलेलंच नाही. पण वाचायला उरलं आहे.

मग तिने मला जे सांगितलं ते मला समजलं तसं सांगतो. प्रत्येक झाडाच्या कणाकणात डीएनए नावाचा एक लांबलचक मजकूर असतो, आणि तो चारच अक्षरांत लिहिलेला असतो. झाड वाळवा, दळा, तरी त्या मजकुराचे तुकडे शिल्लक राहतात. त्यातले काही ठरलेले उतारे असे आहेत की ते बहुतेक जातींत थोडे थोडे वेगळे असतात. तो उतारा वाचायचा आणि जाणकारांनी आधीच ओळखून ठेवलेल्या झाडांच्या उताऱ्यांशी ताडून बघायचा. याला त्या लोकांत डीएनए बारकोड म्हणतात.

"म्हणजे दुकानात बिस्किटाच्या पुड्यावर असतो तसा?"

"नुसता म्हणायला तसा. पुड्यावरचा कोणीही चिकटवतो. हा झाडात उगवतो."

मला एवढंच कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी मी माझ्या जुन्या दुकानात जाऊन बसलो आणि, तोंडाला कुलूप नसल्यामुळे, बाबांच्या चूर्णाचा बारकोड निघणार असल्याची बातमी तीन दाढ्या आणि दोन हजामतींमध्ये सांगून टाकली. 'पुड्यावरचा नव्हे' हे मी सांगायचं विसरलो. विसरलो म्हणजे, सांगितलं नाही.

भाचीचा अहवाल शनिवारी दुपारी आला. धाकटी जेवणाच्या टेबलाशी बसली होती, दोन्ही कोपरं टेकून, खांदे वर चढलेले, छातीत मांजर घुरघुरावं तसा आवाज. भाचीने तिच्यापुढे चार कागदाच्या पट्ट्या ठेवल्या. प्रत्येकीवर सव्वादोनशेच्या आसपास अक्षरं, चारच अक्षरं उलटीसुलटी येणारी. पट्ट्यांची नावं तिने कात्रीने कापून टाकली होती. वर फक्त अ, ब, क, ड.

"अ म्हणजे तुझं चूर्ण," ती म्हणाली. "बाकीची तीन खात्रीची झाडं आहेत, आमच्या संग्रहातली. कोणती ते मी सांगत नाही. मी सांगितलं तर तू म्हणशील, पोरगी बाबांच्या वाईटावर आहे. तू तपास."

"मला ही भाषा येत नाही."

"परक्या भाषेतली मुद्रितं तू तपासलीस तेव्हा ती भाषा येत होती का?"

  धाकटी उठली, खोलीत गेली आणि आपली लाकडी पट्टी आणि लाल पेन घेऊन आली. मी आणि भाची गॅलरीत जाऊन उभे राहिलो. काम करताना कुणी डोक्यावर उभं राहिलेलं तिला कधीच चालत नसे. आतून फक्त तिच्या छातीची घरघर आणि मधूनमधून पेनाची खूण केल्याचा आवाज येत होता. दोन वेळा ती खोकत खोकत थांबली. भाचीने कठडा इतका घट्ट धरला होता की मला कठड्याची काळजी वाटली.

तासाभराने हाक आली.

ब आणि ड या पट्ट्या लाल खुणांनी रंगून गेल्या होत्या. क वर एकच खूण होती.

"अ आणि क एकच मजकूर आहे," धाकटी म्हणाली. "फक्त इथे, एकशे बाराव्या अक्षराला फरक आहे. तुमच्याकडे कुणी तपासत नाही का?"

भाची वाकून बघत राहिली. तो फरक यंत्राने आधीच दाखवला होता. एवढा फरक एकाच जातीच्या दोन झाडांत असू शकतो, किंवा त्या जागी वाचन पुसट आलं असेल. पण तिने यंत्राचं काही सांगितलं नाही. "बरोबर," एवढंच म्हणाली आणि खिशातून कापलेली नावं काढून एकेका पट्टीला लावली. ब सूर्यफूल. ड झेंडू. आणि क गाजर गवत.

"तिन्ही एकाच कुळातली आहेत," ती म्हणाली. "डेझीचं, सूर्यफुलाचं कुळ. फार मोठं कुळ आहे, आणि त्यातली भावंडं दिसायला इतकी सारखी की आम्हीसुद्धा फसतो. म्हणून मी दोन वेगळे उतारे वाचले. पहिल्यावरून फक्त कुळ कळलं, या दुसऱ्यावरून जात. शिवाय सभागृहामागच्या मोकळ्या भूखंडावरून मी स्वतः गाजर गवत उपटून आणलं आणि त्याची एक, चूर्णाची एक अशा दोन्ही नळ्यांवर नुसते आकडे टाकून सहकाऱ्याच्या हातात दिल्या. कोणती कशाची, त्याला माहीत नव्हतं. तरी हेच आलं."

गाजर गवत कुणाला सांगायला नको. पांढऱ्या बारीक फुलांचं ते तण, जिथे माणूस लक्ष देत नाही तिथे कमरेइतकं वाढतं. त्याने पुष्कळांच्या अंगाला खाज सुटते, आणि दमेकऱ्याला ते चांगलंच छळू शकतं. सात डोंगर ओलांडायची काही गरज नव्हती. सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत गेलं तरी पुरत होतं.

भाचीने नवा पंप टेबलावर ठेवला. धाकटीने तो पर्समध्ये टाकला, ओढला मात्र नाही. पट्ट्याही पर्समध्ये टाकल्या. उद्या काय करणार, असं मी विचारलं तर म्हणाली, "दादा, उद्या चांगले कपडे घालून ये. फोटो आहे."

मला त्या बाईचा काही अंदाज आला नाही.

रविवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पट्टशिष्य दारातच दात काढून उभा होता. काही दुष्ट लोक म्हणे बारकोडची धमकी देत होते. तर घ्या, बाबांनी स्वतःच बारकोड दिला आहे. खरंच, चूर्णाच्या प्रत्येक पुडीवर काळ्या रेघांची चिठ्ठी चिकटवलेली होती. लोक पुड्या कपाळाला लावत होते. आता काय, सरकारमान्यच झालं, असं कुणी तरी म्हणालं.

किराणा दुकानदार पहिल्या रांगेत होता. त्याने नुकतंच बिनतारी यंत्र घेतलं होतं, लाल उजेड पाडून वस्तूचं नाव दाखवणारं, आणि ते तो मिरवायला बरोबरच बाळगायचा. तो बाबांचा पक्का भक्त. बिचाऱ्याने भक्तीनेच आपली पुडी यंत्रापुढे धरली, यंत्राच्या तोंडून बाबांची थोरवी ऐकू यावी म्हणून. यंत्र टुणकन वाजलं. दुकानदाराने वाचलं आणि मोठ्याने सांगून बसला: फरशी पुसायचं फडकं. शेजारच्याने आपली पुडी पुढे केली. मांजराचं खाणं, कोंबडीच्या चवीचं. तिसरी निघाली संडास घासायचा ब्रश, त्यावर सवलत चालू.

पट्टशिष्याने घरातल्या सगळ्या वेष्टनांवरच्या चिठ्ठ्या सोलून काढल्या होत्या. घर स्वच्छ असावं असं दिसत होतं.

लोक हसले, पण बाबा कच्चे नव्हते. त्यांनी हात वर केला. यंत्र हे आरसा आहे, ते म्हणाले, ज्याच्या मनात फडकं त्याला फडकं दिसतं. मांजराचं खाणं मनात असलेला माणूस ओशाळून खाली बघायला लागला. मी कपाळावर हात मारला. खरं सांगतो, कारागिरी म्हणून मला ते उत्तर आवडलं.

तेवढ्यात बाबांनी धाकटीचं नाव पुकारलं. ती पायऱ्या चढली, मध्ये एकदा थांबून. फोटोवाला पुढे सरसावला. ताटलीत फूल आलं.

"सांगा माई," बाबा म्हणाले, "एकवीस दिवसांत काय अनुभव आला?"

"सांगते. आधी पंखे लावा."

बाबांनी रोग उडतो वगैरे सुरू केलं. धाकटी म्हणाली, मी बरी झाले असं तुम्हीच सांगता, मग माझ्याकडे उडायला उरलं काय? तिसऱ्या रांगेतून उठून कुणी तरी बटण दाबलं. चौदा पंखे फिरायला लागले आणि तीनशे माणसांनी आपले घामेजलेले सदरे सोडवले. एवढ्याने निम्मं सभागृह तिच्या बाजूला गेलं.

तिने फुलावर तीन फुंकरा मारल्या. झारी मात्र हाताने बाजूला सारली. पाणी नको, नुसता मंत्र म्हणा, ती म्हणाली. बाबांना म्हणावाच लागला. एकदा म्हटला, दोनदा म्हटला. फूल तसंच, ताठ, सोनेरी, हसतमुख. मग धाकटीने झारी उचलली, टोपलीतलं दुसरं फूल घेतलं, त्यावर पाणी ओतलं आणि ते मंचावर काढून ठेवलेल्या बाबांच्या चपलेसमोर ठेवलं. कुणी फुंकलं नाही, कुणी मंत्र म्हटला नाही. आम्ही सगळे चपलेकडे बघत बसलो. पाचव्या मिनिटाला फूल मिटलं.

"चपलेला दमा आहे," ती म्हणाली. "एकवीस दिवस चूर्ण द्या."

सभागृह फुटलं हसून. भाची उठली आणि तिच्या त्या हळू आवाजात, ज्यामुळे सगळे गप्प होऊन ऐकायला लागले, तिने आदल्या रात्री आईला सांगितलेला उलगडा पुन्हा केला. हे फूल बागेत लावतात, फुलवाल्याकडे मिळतं, वाळलं तरी टिकतं. याच्या बाहेरच्या या कडक पाकळ्या खरं तर पाकळ्या नाहीत, फुलाभोवतीची सुकी पानं आहेत. ओल लागली की यांची एक बाजू फुगते आणि त्या आत वळतात. सुकल्या की पुन्हा उघडतात. पाणी झारीतून येतं, मंत्र म्हणजे थांबायला निमित्त, दिवा सुकवायला, आणि वाऱ्याने फूल लवकर सुकू नये म्हणून पंखे बंद. तुम्ही पाच रविवार घामात बसलात ते फुलाच्या सोयीसाठी.

बाबांनी शेवटचा डाव टाकला. फूल जाऊ दे, ते म्हणाले, अनामिका तर खरी आहे, आणि तिला नाव नाही.

धाकटीने पर्समधून पट्ट्या काढल्या. "नाव आहे," ती म्हणाली. "सव्वादोनशे अक्षरं मी स्वतः तपासली आहेत. एका अक्षराचा फरक आहे, तोही सांगते, लपवत नाही. तुमची अनामिका म्हणजे गाजर गवत."

नाव ऐकताच सभागृहात जो आवाज झाला तो मी विसरणार नाही. तो खाजवण्याचा होता. तीनशे माणसं एकदम आपापले हात, मान, पाठ खाजवायला लागली. एकवीस दिवस जे रोगाचं बाहेर पडणं होतं, ते क्षणात पुरळ झालं.

मग धाकटी मंचाच्या पायरीवर बसली. तिला पुढे बोलता येईना, ओठ काळसर दिसायला लागले. तिने पर्समधून पंप काढला, सगळ्यांच्या देखत ओढला, थांबली, पुन्हा ओढला. फोटोवाल्याने तो फोटो काढला. भाची आणि मी तिला तशीच उचलून दवाखान्यात घेऊन गेलो. दोन दिवस ती तिथे होती. डॉक्टर म्हणाले, अजून आठवडा गेला असता तर मी तुमच्याशी वेगळंच काही तरी बोलत असतो.

आम्ही दवाखान्यात असताना बाबा मागच्या दाराने, गाजर गवतातूनच निघून गेले, असं ऐकलं. पट्टशिष्य सापडला, त्याची चौकशी चालू आहे. आणि काही भक्त अजूनही म्हणतात की बाबांनी आमची परीक्षा पाहिली. अशांना मी काय सांगणार? एवढंच सांगतो की कुणीही, बाबा असो, डॉक्टर असो किंवा माझी भाची, तुमच्या घशाखाली काही घालायला आलं तर त्याचं नाव विचारा. ते काय करतं, कसं कळलं, आणि चुकलं तर कसं कळेल, हेही विचारा. खरं सांगणारा चिडत नाही, चिडला तरी उत्तर देतो. नाव घेतल्याने गुण जात असेल, तर तो गुण औषधाचा नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, केसांतून चिमणी काढणाऱ्या म्हाताऱ्यावर आम्ही विश्वास का ठेवावा? ठेवू नकाच. फुलवाल्याकडून ते वाळकं सोनेरी फूल आणा, पंखा बंद करा, वर पाणी शिंपडा आणि घड्याळ लावून बसा. कंटाळा आला तर मंत्र म्हणा, फुलाला त्याने फरक पडत नाही. मात्र छातीत घरघर होत असेल, तर फूल राहू द्या बाजूला. आधी पंप ओढा आणि डॉक्टरकडे जा.